युद्धाचा प्रश्न आणि घरोघरचं उत्तर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्यातला सूर कायम ठेवून मजकूर छापला आहे.)

सरकारने परक्या भूमीवर सैन्य पाठवावं की नाही, एखाद्या आंतरराष्ट्रीय संघटनेत राहावं की बाहेर पडावं, शस्त्रं वाढवावीत की कमी करावीत, हे प्रश्न सामान्य माणसाला विचारावेत का? जाणकार मंडळींचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ही तज्ज्ञांची कामं आहेत. लोक भावनेच्या भरात बोलतात. आज युद्ध हवं म्हणून घोषणा देतील आणि उद्या पहिली शवपेटी गावात आली की सरकारला दोष देतील. मला हे मत मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी मी आजचा एखादा ताजा प्रसंग घेतलेला नाही. ताज्या प्रसंगात आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या बाजूला उभे असतो. मी १९३४-३५ सालातली ब्रिटनमधली एक हकीकत घेतली आहे. तिचे सगळे कागद आता उघडे आहेत, शेवट ठाऊक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीपर्यंत येतो. त्या धाग्यासाठीच मी ती निवडली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांवर सैनिक मारले गेले. त्यानंतर 'पुन्हा असं होऊ द्यायचं नाही' या निर्धारातून १९२० मध्ये राष्ट्रसंघ उभा राहिला. कल्पना साधी होती. एका राष्ट्राने दुसऱ्यावर हल्ला केला तर बाकीच्यांनी मिळून त्याला रोखायचं. पण १९३१ च्या सप्टेंबरात जपानने मांचुरियात सैन्य घुसवलं आणि राष्ट्रसंघाने चौकशी समिती नेमण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. १९३३ मध्ये जपान संघातून बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिटलरच्या जर्मनीने निःशस्त्रीकरण परिषद आणि राष्ट्रसंघ या दोन्हींकडे पाठ फिरवली. 'संघ मेला, आता आपलं आपण पाहू' असं लंडनमधल्या बड्या वर्तमानपत्रांत उघड लिहिलं जाऊ लागलं.

त्याच काळात ब्रिटिश जनता घाबरट झाली आहे, असाही एक समज पसरला. फेब्रुवारी १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी वादसभेत 'राजा आणि देशासाठी आम्ही कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही' असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केला. ऑक्टोबरमध्ये ईस्ट फुलहॅमच्या पोटनिवडणुकीत सरकारी पक्षाने साडेचौदा हजारांचं मताधिक्य असलेली जागा जवळपास पाच हजार मतांनी गमावली. त्या मतदारसंघात घरांचा आणि भाकरीचा प्रश्न तितकाच पेटला होता, पण राज्यकर्त्यांनी अर्थ काढला तो एकच: लोकांना शस्त्रं नकोत. तीन वर्षांनी पंतप्रधान बाल्डविन यांनी पार्लमेंटमध्ये शस्त्रसज्जतेला उशीर का झाला याचं कारण देताना याच पोटनिवडणुकीकडे बोट दाखवलं.

लोकांना काय वाटतं याबद्दल असे तर्क चालू असताना काही माणसांना वाटलं की तर्क कशाला, विचारूनच पाहू. ब्रिटनमध्ये 'लीग ऑफ नेशन्स युनियन' नावाची मोठी स्वयंसेवी संस्था होती. राष्ट्रसंघाचा प्रचार करणं हे तिचं काम. एके काळी तिचे सभासद चार लाखांच्या वर गेले होते. अध्यक्ष लॉर्ड रॉबर्ट सेसिल. हे गृहस्थ जहाल चळवळे नव्हते. माजी पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांचे चिरंजीव, स्वतः हुजूर पक्षात वाढलेले, युद्धकाळात मंत्री राहिलेले, राष्ट्रसंघाच्या सनदेच्या मसुद्यावर ज्यांचा हात फिरला त्यांपैकी एक. लंडनलगतच्या इलफर्ड गावात १९३४ च्या सुरुवातीला स्थानिक पातळीवर असा एक कौल घेतला गेला होता आणि त्याला चांगला प्रतिसाद मिळाला होता. सेसिल यांनी तो देशभर नेला. बाई ॲडलेड लिव्हिंग्स्टन यांनी संघटनेची सगळी जुळवाजुळव केली. अधिकृत नाव भारदस्त होतं, राष्ट्रीय घोषणापत्र अशा अर्थाचं. लोक आणि वर्तमानपत्रं मात्र त्याला 'पीस बॅलट' म्हणू लागली. मी त्याला शांतता कौल म्हणतो.

पद्धत काय होती तेही नीट पाहण्यासारखं आहे. आज ज्याला आपण जनमत चाचणी म्हणतो, तशी चाचणी ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये सुरू झाली. म्हणजे हजार-दोन हजार माणसं निवडून देशाचं मत काढण्याची रीत तिथे अजून यायची होती. या लोकांनी सगळ्या घरांचे दरवाजे ठोठावायचं ठरवलं. सुमारे पाच लाख स्वयंसेवक उतरले. त्यांत बायकांचा वाटा फार मोठा होता. पुरुषांच्या बरोबरीने मत देण्याचा हक्क त्यांना १९२८ मध्येच मिळाला होता. स्वयंसेवकाने घरी जायचं, छापील कागद द्यायचा, विषय समजावून सांगायचा आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन भरलेला कागद घ्यायचा. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, पण कौलात १८ वर्षांवरच्या कुणालाही भाग घेता येई. ज्यांना उद्या लढायला पाठवलं जाईल त्या वयाच्या मुलांचं मत त्यामुळे कागदावर आलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. वेल्समध्ये, कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यांतून, प्रतिसादाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त होतं.

कागदावर पाच प्रश्न होते. ब्रिटनने राष्ट्रसंघाचं सभासद राहावं का? आंतरराष्ट्रीय करार करून सर्वांनीच शस्त्रं कमी करावीत, हे तुम्हाला मान्य आहे का? सर्व देशांची लष्करी विमानं करारानेच बंद करावीत का? खाजगी नफ्यासाठी शस्त्रं बनवणं आणि विकणं करारान्वये बंद व्हावं का? आणि पाचवा: एखादं राष्ट्र दुसऱ्यावर हल्ला करायचा हट्ट धरून बसलं, तर बाकीच्या राष्ट्रांनी एकत्र येऊन त्याला थांबवावं का, (अ) आर्थिक आणि बिनलष्करी उपायांनी, (ब) गरज पडल्यास लष्करी उपायांनी?

या पाचव्या प्रश्नाचे दोन भाग कुणी सुचवले ते मी सांगू शकत नाही, पण सगळ्या कौलाचा प्राण त्या (अ) आणि (ब) मध्ये आहे. तिथे माणसाला थांबावं लागतं. व्यापार तोडायला हो म्हणणं सोपं असतं. पण पुढच्या ओळीत लगेच विचारलंय: आणि तेवढ्याने भागलं नाही तर?

विरोध कडाडून झाला. लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या 'डेली एक्सप्रेस'ने त्याला रक्ताचा कौल म्हणून झोडपलं. यात सामील व्हाल तर परक्यांच्या भांडणात तुमची मुलं मरतील, असा त्यांचा प्रचार होता. परराष्ट्रमंत्री सर जॉन सायमन आणि माजी परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांचा आक्षेप वेगळा होता. असे गुंतागुंतीचे प्रश्न हो-नाहीत उत्तर देण्याजोगे नाहीत, आणि सोबतची पत्रकं एकतर्फी आहेत, असं त्यांचं म्हणणं. या आक्षेपात तथ्य होतं. प्रश्न लिहिणारी मंडळी राष्ट्रसंघाची समर्थक होती, आणि प्रश्नांच्या शब्दांत तो कल दिसतोच. संपूर्ण अहिंसावादी ख्रिस्ती लोकांची तक्रार आणखी वेगळी: आम्हाला कुठलीच सक्ती नको, मग आम्ही 'हो' कुठे लिहू आणि 'नाही' कुठे? त्यांच्यासाठी पाचव्या प्रश्नाला तिसरं उत्तर जोडलं गेलं आणि काही हजारांनी ते निवडलं. ज्यांना एकही पर्याय पटत नाही, त्यांचीही नोंद झाली.

२७ जून १९३५ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निकाल जाहीर झाला. एक कोटी पंधरा लाखांवर माणसांनी उत्तरं दिली होती. प्रौढ लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून हे जास्त. राष्ट्रसंघात राहावं म्हणणारे १ कोटी १० लाख ९० हजार. नको म्हणणारे साडेतीन लाखांच्या आसपास. करारान्वये शस्त्रकपातीला, खाजगी शस्त्रव्यापाराच्या बंदीला प्रत्येकी एक कोटीवर होकार. लष्करी विमानांच्या बंदीला ९५ लाख. आर्थिक उपायांना १ कोटी २७ हजार. आणि लष्करी उपायांना होकार ६७ लाख ८४ हजार, नकार २३ लाख ५२ हजार, आणि २३ लाख ६४ हजार माणसांनी ती एक जागा कोरी सोडली.

हे आकडे मी कितीदा तरी वाचले आहेत आणि दर वेळी त्या कोऱ्या जागांपाशी थांबलो आहे. कागद पूर्ण भरला, पहिल्या चार प्रश्नांना भराभर उत्तरं दिली, आर्थिक बंदीला हो म्हटलं, आणि युद्धाच्या ओळीवर आल्यावर पेन उचलून ठेवलं. ज्या घरात भिंतीवर १९१६ मध्ये गेलेल्या मुलाचा फोटो आहे, तिथे दुसऱ्या मुलाच्या वतीने 'हो' लिहिणं म्हणजे काय, याची कल्पना करा. भावनेच्या भरात वाहून जाणारी माणसं अशी वागत नाहीत. आर्थिक उपाय आणि लष्करी उपाय यांच्या होकारात बत्तीस लाखांचा फरक आहे, याचा अर्थ लोकांनी दोन प्रश्न दोन म्हणूनच वाचले. आणि एवढं सगळं जमेला धरूनही, 'हो' किंवा 'नाही' लिहिणाऱ्या चारांतल्या जवळपास तिघांनी लष्करी उपायांना होकार दिला. युद्धाला विटलेल्या, मुलं गमावलेल्या देशाने हे सांगितलं.

या कौलाला पुढे बरीच वर्षं भाबड्या शांततावादाचं उदाहरण म्हणून हिणवण्यात आलं. हिटलरला धीर आला तो यामुळेच, असं लिहिणारे लेखक आजही आढळतात. त्यांनी पाचव्या प्रश्नाचा (ब) भाग वाचलेला नसतो. खुद्द विन्स्टन चर्चिल यांनी महायुद्धानंतर लिहिलेल्या ग्रंथात मान्य केलं की हा कौल सुरुवातीला गैरसमजाने वाचला गेला आणि प्रत्यक्षात त्याने एका धैर्याच्या धोरणाला पाठिंबा दिला होता. 'शस्त्रं कमी करा' आणि 'गरज पडल्यास बळ वापरा' या दोन उत्तरांत विसंगती आहे, असं म्हणणारेही प्रश्नातला 'सर्वांनी, करार करून' हा भाग विसरतात. एकट्या ब्रिटनने शस्त्रं टाकावीत, असं कुणीच विचारलं नव्हतं आणि कुणी म्हटलंही नव्हतं.

मग झालं काय?

निकाल जाहीर होऊन शंभर दिवसही झाले नव्हते. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, शिरल्या. इथिओपिया राष्ट्रसंघाचा सभासद, इटलीही सभासद. पाचव्या प्रश्नात जे 'एखादं राष्ट्र' होतं, त्याला आता नाव मिळालं होतं. सप्टेंबरात नवे परराष्ट्रमंत्री सॅम्युएल होअर यांनी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे भाषण करून सामूहिक प्रतिकाराची ठाम ग्वाही दिली होती. १४ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. बाल्डविन यांच्या पक्षाने राष्ट्रसंघाला पाठिंबा हे आश्वासन पुढे केलं, म्हणजे कौलाचीच भाषा वापरली, आणि निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकली.

महिनाही गेला नाही तोच, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, होअर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी पॅरिसमध्ये गुपचूप एक योजना आखली. इथिओपियाचा मोठा मुलूख इटलीला द्यायचा आणि त्या बदल्यात इथिओपियाला समुद्रापर्यंतचा एक पट्टा. फ्रेंच वर्तमानपत्रांनी ती फोडली. ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. खासदारांच्या टेबलांवर पत्रांचे ढीग पडले. हे पत्रं लिहिणारे लोक कोण होते? सहा महिन्यांपूर्वी घरात बसून ज्यांनी तो कागद भरला होता, तेच. १८ डिसेंबरला होअर यांना राजीनामा द्यावा लागला. परराष्ट्र धोरणावरून एखाद्या मंत्र्याला लोकांनी इतक्या झटपट घरी बसवल्याची उदाहरणं इतिहासात थोडी आहेत.

मंत्री गेला, धोरण मात्र फारसं बदललं नाही. राष्ट्रसंघाची आर्थिक बंदी १८ नोव्हेंबरपासून लागू झाली होती, पण तिच्यातून तेल वगळलं होतं. कोळसाही वगळला होता. इटलीचे रणगाडे आणि विमानं ज्यावर चालत होती ती वस्तू विकायला मोकळीक राहिली. इटलीच्या सैन्याची जहाजं सुएझ कालव्यातून जातच राहिली. याची कारणं नव्हती असं नाही. नौदलाला भूमध्य समुद्रात एकट्याने इटलीशी भिडायला लागेल याची धास्ती होती, पूर्वेकडे जपान होता, अमेरिका राष्ट्रसंघात नव्हतीच, आणि हिटलरविरुद्ध मुसोलिनीला आपल्या बाजूला ठेवावं अशी फ्रान्सची ओढ होती. ही कारणं खोटी नाहीत. पण ती लोकांना सांगितली गेली नाहीत. लोकांना जिनिव्हाचं भाषण ऐकवलं गेलं आणि कारणं बंद दाराआड राहिली. मला राज्यकर्त्यांचा खरा दोष इथे दिसतो. ज्या जनतेने (अ) आणि (ब) वेगवेगळं वाचलं, तिच्यापुढे नौदलाच्या अडचणी ठेवल्या असत्या तर तिने त्याही वाचल्या असत्या.

इथिओपियावर इटलीने विषारी वायू फवारला. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडलं. ३० जून रोजी इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभे राहिले आणि त्यांनी जगाच्या प्रतिनिधींना जाब विचारला. इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून त्यांचं भाषण बंद पाडण्याचा प्रयत्न केला. जुलैत राष्ट्रसंघाने बंदी उठवली. पुढच्या वर्षी लॉर्ड सेसिल यांना शांततेचं नोबेल मिळालं. तोपर्यंत ज्या संघासाठी ते झटले तो नावापुरता उरला होता.

आता आपल्याकडे वळू. १९३५ च्या त्या कागदावर उत्तर देणाऱ्या एक कोटी पंधरा लाख माणसांत हिंदुस्थानातलं कुणी नव्हतं. आणि तरी हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद होता! व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची सही आहे. जिनिव्हाला जाणारं शिष्टमंडळ लंडनहून ठरायचं. १९२९ पर्यंत त्याचा प्रमुखही हिंदी नव्हता. पुण्यात येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस सर्वांना माहीत आहे. ज्यांचा तो वाडा, ते तिसरे आगाखान १९३७ मध्ये राष्ट्रसंघाच्या महासभेचे अध्यक्ष होते. १९४२ मध्ये गांधीजींना त्याच वाड्यात कैदेत ठेवलं गेलं. जागतिक शांततेच्या संघटनेत हिंदुस्थानचं नाव होतं, तिची वर्गणी हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात होती, आणि हिंदी माणसाला मात्र स्वतःच्या देशाबद्दलही मत विचारलं जात नव्हतं.

मत नव्हतं असं नाही. १९३६ च्या मार्चमध्ये जवाहरलाल नेहरू युरोपातून परतत होते. फेब्रुवारीच्या अखेरीस लोझानला कमला नेहरू वारल्या होत्या. विमान रोमला थांबलं तेव्हा मुसोलिनीला भेटा म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यामागे धोशा लावला. पत्नी जाऊन काही दिवसच झालेत, मन जागेवर नाही, अशा अवस्थेत त्यांनी ठाम नकार दिला. इथिओपियात काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि या भेटीचा उपयोग कशासाठी होईल हेही. हिंदी जनमताची ही एका माणसापुरती, पण स्पष्ट नोंद आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. केंद्रीय कायदेमंडळाला विचारलं नाही, निवडून आलेल्या प्रांतिक सरकारांना विचारलं नाही. १४ सप्टेंबरला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला. त्यात फॅसिझमचा आणि नाझी आक्रमणाचा निषेध आहे, आणि सोबत विचारणा आहे की तुमची युद्धाची उद्दिष्टं काय, त्यांत आमचं स्वातंत्र्य बसतं का. २ ऑक्टोबरला मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. समाधानकारक उत्तर आलं नाही आणि बाळासाहेब खेर यांच्या मुंबई मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. हे सगळं आपण शाळेत वाचतो. पण १९३५ च्या कौलाच्या शेजारी ठेवून वाचलं की त्याचा रंग पालटतो. ब्रिटनमधल्या अठरा वर्षांच्या पोरीला घरी जाऊन विचारलं होतं. इथे निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यालाही विचारलं नाही.

आणि ज्या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनने १९३५ मध्ये दिलं होतं, त्याची अंमलबजावणी अखेर झाली, ती १९४१ मध्ये. इटलीच्या पूर्व आफ्रिकेवर ब्रिटनने चढाई केली. तीत लढणाऱ्या मुख्य फौजांत चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन होती. एरिट्रियात केरेन नावाचं गाव आहे. त्याच्या आधी डोंगोलास नावाची खिंड लागते. रस्ता आणि रेल्वे तिच्यातूनच जातात, आणि दोन्ही बाजूंना उघडे, खडकाळ कडे. इटालियन फौजांनी खिंड सुरुंगाने ढासळवून बंद केली आणि वरच्या शिखरांवर तोफा व मशीनगनी लावल्या. ३ फेब्रुवारी ते २७ मार्च, सात आठवडे ही लढाई चालली. पाणीसुद्धा खांद्यावरून वर न्यावं लागे. मार्चच्या मध्याला मोठा हल्ला सुरू झाला, तेव्हा 'पिनॅकल' नावाची टेकडी घेण्याचं काम मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनकडे आलं. त्यांनी ती घेतली. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रेजिमेंटची गर्जना त्या लढाईतूनच रूढ झाली, असं रेजिमेंटच्या परंपरेत सांगतात.

ही पोरं कुठली होती? घाटावरची आणि कोकणातली. दोन-चार बिघे कोरडवाहू जमीन, वडील किंवा चुलते आधीच पलटणीत, घरी मनिऑर्डरची वाट. त्यांना भरतीच्या ठिकाणी उंची विचारली गेली, छाती मोजली गेली. इथिओपियावर हल्ला करणाऱ्याला लष्करी उपायांनी थांबवावं का, हे कुणी विचारलं नाही. जुलमाने नेलं होतं, असं मी म्हणणार नाही. ते स्वतःच्या पायांनी गेले होते आणि पराक्रमाने लढले. विचारलं असतं तर कदाचित त्यांतल्या कित्येकांनी हो म्हटलं असतं. तीच बटालियन पुढे इटलीत लढली आणि तिच्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंह भगत यांनी इथिओपियातच, मेतेम्माहून गोंदारकडे जाणाऱ्या वाटेवर, जानेवारीच्या अखेरीपासून चार दिवस आघाडीवर राहून पंधरा सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, सोबतची माणसं गेली, स्फोटाने कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस घ्यायला नकार दिला. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. केरेनच्या युद्धस्मशानात एक स्मारक आहे, दहन झालेल्या २८५ हिंदू आणि शीख सैनिकांचं. ५ मे १९४१ रोजी हेले सेलासी पुन्हा अदिस अबाबात आले, शहर पडलं त्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी.

१९३५ च्या हिवाळ्यात तेल थांबवलं असतं तर केरेनची लढाई टळली असती का? इतिहासात असं ठामपणे सांगता येत नाही आणि मीही सांगणार नाही. एवढं मात्र दिसतं की स्वस्तातला उपाय, ज्याला लोकांनी एक कोटी होकार दिले होते, तो अर्धवट वापरला गेला. आणि महागातला उपाय सहा वर्षांनी अशा माणसांकडून करून घेतला गेला, ज्यांच्या दारापर्यंत कधी कुठला कागद पोचलाच नव्हता.

आपण आता प्रजा नाही, नागरिक आहोत. मग आपल्याला कोण विचारतं? राज्यघटनेच्या केंद्र सूचीत युद्ध आणि शांतता हा विषय १५ व्या नोंदीत आहे. पण सैन्य परदेशात पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी असं घटनेत कुठेही म्हटलेलं नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि लगेच आपलं शांतिसैन्य श्रीलंकेत उतरलं. ते मार्च १९९० मध्ये परतलं तेव्हा अकराशेच्या वर जवान गमावले होते. त्याउलट २००३ मध्ये इराकमध्ये भारताने सैन्य पाठवावं असा अमेरिकेचा आग्रह होता. संसदेत त्या युद्धाविरुद्ध ठराव झाला होता, देशभर चर्चा झाली, आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायचं नाही असं ठरवलं. त्या निर्णयाबद्दल आज कुणाला पश्चात्ताप असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. चर्चेला अवधी मिळाला, एवढा एक फरक या दोन प्रसंगांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या देशांनी वाटा काढल्या आहेत. ब्रिटनमध्ये मार्च २००३ मध्ये इराकवर पार्लमेंटमध्ये मतदान झालं आणि तसा प्रघात पडला; ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरच्या कारवाईचा सरकारी ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि सरकारने तो निकाल मानला. डेन्मार्कने १ जून २०२२ रोजी युरोपीय संघाच्या संरक्षण धोरणात सामील व्हायचं की नाही, यावर थेट जनतेचं मतदान घेतलं. दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला. सार्वमत आपल्यासारख्या देशात या कामाला योग्य आहे असं मला वाटत नाही. वाहिन्यांवर चालणारे मोबाइलवरचे कौल तर नाहीच नाही: 'शेजाऱ्याला धडा शिकवावा का?' अशा प्रश्नाला (ब) नसतो, तेल कुणी पुरवायचं हे नसतं, किती दिवस आणि कुणाची मुलं हेही नसतं. त्यात ९० टक्के होकार आला तरी त्याने काहीच कळत नाही.

मला सर्वांत घेण्याजोगी वाटते ती जर्मनीची रीत. तिथल्या घटना न्यायालयाने १९९४ मध्ये निर्णय दिला की सशस्त्र सैन्य बाहेर पाठवायचं तर संसदेची संमती हवीच, आणि २००५ मध्ये तसा कायदा झाला. सरकारला संसदेपुढे ठरावात लिहून द्यावं लागतं: कामगिरी काय, ती कुठल्या प्रदेशात, कायद्याचा आधार कोणता, जास्तीत जास्त किती सैनिक, त्यांच्याकडे साधनसामग्री कोणती, मुदत किती आणि खर्च किती, तो कुठून येणार. मुदत वाढवायची तर पुन्हा संसदेपुढे यायचं. संसदेला दिलेली संमती परतही घेता येते.

आपल्याकडचे संरक्षणतज्ज्ञ यावर म्हणतात की शत्रूला आधीच सुगावा लागेल, तातडीच्या वेळी हात बांधले जातील. आक्षेप गंभीर आहे आणि त्या कायद्यात त्याचं उत्तरही आहे. विलंब परवडणार नाही अशा प्रसंगी आधी पाठवायचं आणि विनाविलंब मागाहून संमती घ्यायची. ती मिळाली नाही तर सैन्य परत बोलवायचं. स्वतःच्या सीमेच्या रक्षणाचा प्रश्न यात येतच नाही. येतो तो फक्त बाहेर जाण्याचा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून पलटणीत माणसं जातात. त्या घरांना मुदत आणि कामगिरी कळण्याचा हक्क नाही, असं कोण म्हणेल?

तेव्हा पुढच्या अधिवेशनाआधी तुमच्या खासदारांना पत्र लिहायचं असेल तर मजकूर अवघड नाही. सैन्य परदेशात जाणार असेल तर कामगिरी, प्रदेश, संख्या, मुदत आणि खर्च लिहून सरकारने ठराव आणावा; तातडी असल्यास मागाहून, पण ठराविक दिवसांत आणावा; आणि त्यावर सदस्यांच्या नावानिशी मतदान व्हावं, म्हणजे आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने काय मत दिलं ते आम्हाला छापील कामकाजात पाहता येईल. पत्राखाली पलटणीत मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरांच्या सह्या आधी घ्या.